शेजारचा देश, पण रांग तीच

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी डेट्रॉइटजवळच्या उपनगरात राहतो. वय ३९, मेकॅनिकल इंजिनिअर, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. एमएससाठी आलो तो इथलाच झालो. मधल्या एच-वन आणि ग्रीन कार्डच्या कहाणीत तुम्हाला नेत नाही. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. बायको अजून भारतीय नागरिक आहे, तिला नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. मुलगी सहा वर्षांची, जन्म इथलाच.

धाकटा भाऊ नदीपलीकडे विंडसरला असतो, त्याच्याकडे कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना आहे. आई त्याच्याकडे राहते. ती आता ७४ वर्षांची आहे. भाऊ शिफ्टमध्ये काम करतो आणि आईला एकटं सोडवत नाही. आम्हीही तिकडे जावं असं वर्षभर घोळतंय. मित्र म्हणतात, "तुझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, पुलापलीकडे जाऊन सहा महिने राहा, तिथूनच पीआरचा अर्ज टाक, होऊन जाईल." उन्हाळ्यात घर विकून शाळा सुरू व्हायच्या आत निघावं असं मनात आहे. खरंच एवढं सोपं आहे का?

ता. क. २०११ मध्ये एका पार्टीहून येताना दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली होती. दंड भरला, एक वर्ष प्रोबेशन झालं. ग्रीन कार्डच्या वेळी वकिलाने सांगितलं म्हणून लिहिलं होतं. बायकोला सांगितलेलं नाही. विंडसरला शंभरदा जाऊन आलो, कधी कोणी विचारलं नाही. पीआरच्या अर्जात लिहावं लागेल का?

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ताजा कलम आधी वाचला आणि मग वरचं पत्र. घाईघाईत शेवटी टाकलेल्या त्या चार ओळींवर तुमचा बाकीचा सगळा बेत उभा आहे. त्यांना वेळ द्यायला हवा, म्हणून त्या शेवटी घेते. तोवर एक करा. घर विकायला काढलं असेल तर थांबवा, काढलं नसेल तर काढू नका. का, ते सांगते.

मीही अमेरिकन पासपोर्टवर कॅनडात आलेली बाई आहे. २०१३ साली ओहायोतल्या टोलेडोहून आले. तुमचे मित्र आज जे सांगताहेत तेच तेव्हा मलाही सगळे सांगत होते, आणि मला ते खरं वाटत होतं. त्यात त्यांचीही चूक नाही. तुमच्या गावाची रचनाच तशी आहे. डेट्रॉइटच्या काठावर उभं राहिलं की कॅनडा दक्षिणेला दिसतो, उत्तरेला नाही. अँबॅसडर ब्रिज १९२९ पासून आहे, नदीखालचा बोगदा १९३० पासून. विंडसरच्या कितीतरी नर्स रोज सकाळी डेट्रॉइटच्या हॉस्पिटलांत कामाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात. खिडकीतला अधिकारी विचारतो, कुठे चाललात, किती दिवस, सोबत काय आणलंय. दोन मिनिटांत गाडी पुढे. वर्षानुवर्षं असं चाललं की तो देश परका वाटेनासा होतो.

पण ती सवलत पाहुण्याला आहे. अमेरिकन नागरिकाला कॅनडात जायला व्हिसा लागत नाही, विमानाने गेलं तर ईटीए (विमानाने येणाऱ्यांची ऑनलाइन परवानगी) लागत नाही, आणि एरवी सहा महिने राहता येतं. पाहुण्याला शेजारी असल्याचा फायदा एवढाच. पीआरच्या रांगेत अमेरिकन पासपोर्टला वेगळी खिडकी नाही. नाशिकहून, मनिलाहून किंवा लागोसहून अर्ज करणाऱ्याला जे द्यावं लागतं तेच तुम्हाला द्यावं लागेल. इंग्रजीची परीक्षा, पदवीचं मूल्यांकन, पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी, सगळं.

मित्रांच्या सल्ल्याचं म्हणाल तर, सहा महिने पाहुणे म्हणून राहणं बेकायदा नाही. तिथे बसून अर्ज टाकणंही बेकायदा नाही. पण त्याने काही मिळत नाही. अर्जदार कुठे बसलाय याला गुण नसतात. त्या सहा महिन्यांत तुम्हाला कॅनडातली नोकरी करता येणार नाही, म्हणजे जिथून गुण मिळतात तो अनुभवही जमणार नाही. आणि डिकीत भांडीकुंडी, मागे मुलीची सायकल बांधलेली, आणि खिडकीत "भावाकडे वीकेंडला" असं सांगणं हे तर अजिबात करू नका. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं प्रवेशबंदी होते आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. खोटं बोलायची गरजही नसते. कॅनडाच्या कायद्यात सरळ लिहिलंय की कायम राहायची इच्छा असलेल्या माणसालाही तात्पुरतं येता येतं, फक्त मुदत संपल्यावर तो परत जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. "पीआरचा अर्ज केलाय, आज आईला भेटायला चाललोय, उद्या रात्री परत येणार" हे वाक्य तुम्ही निःशंक बोलू शकता.

आता गुणांचं. कुशल कामगारांचे बहुतेक अर्ज एक्सप्रेस एंट्री नावाच्या पद्धतीतून जातात. वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांची बेरीज होते, तिला सीआरएस म्हणतात. दर काही दिवसांनी फेरी निघते आणि त्या फेरीच्या गुणांच्या सीमेवर (कटऑफवर) असलेल्यांना पीआरच्या अर्जाचं आमंत्रण येतं. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी ढोबळ हिशोब केला. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे जास्तीत जास्त १०० गुण असतात. ३९ व्या वर्षी त्यातले ५० उरतात, ४० ला ४५, आणि त्यापुढे दर वाढदिवसाला १० जातात. ४५ व्या वर्षी शून्य. मास्टर्सचे १२६. भावाचा पीआर आहे म्हणून १५. इंग्रजी उत्तम आलं, बायकोनेही परीक्षा चांगली दिली, तरी कॅनडातला अनुभव नसताना तुम्ही ४५० च्या आसपास थांबता. तिथे एक वर्ष काम केलंत तर ४८० च्या जवळ जाता. २०२५ मध्ये कॅनडात काम केलेल्यांच्या फेऱ्यांची सीमा सतत ५०० च्या वर होती. पूर्वी नोकरीच्या ऑफरचे ५० गुण मिळायचे, तेही मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. तुमच्यासारख्या पात्रतेच्या माणसाला हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण घर विकल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं चांगलं.

मग रस्ता काय? मला दोन दिसतात, आणि दोन्ही एकदमच धरावेत असं माझं मत आहे.

पहिला फ्रेंचचा. हसू नका. फ्रेंच येणाऱ्यांच्या फेऱ्या वेगळ्या निघतात, आणि मार्च २०२५ मध्ये त्यातली एक सीमा ३७९ पर्यंत खाली आली होती. त्याच काळात बाकीचे ५०० च्या वर अडकले होते. चारही कौशल्यांत सातवी पातळी लागते. नोकरी सांभाळून रोज तास-दीड तास दिला तर हे साधारण दीड वर्षाचं काम आहे. मराठी माणसाला फ्रेंच नामांची लिंगं डोक्यात बसवायला फार त्रास होत नाही, आपल्याकडे तर तीन आहेत. चाळिशीत शिकून पास झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. शिवाय इंग्रजीबरोबर फ्रेंच त्या पातळीचं असेल तर ५० जादा गुण मिळतात ते वेगळेच.

दुसरा रस्ता म्हणजे शेजारी असल्याचा दुसरा खरा फायदा. पीआरमध्ये अमेरिकन पासपोर्टचा उपयोग नाही, पण वर्क परमिटमध्ये आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या जुन्या नाफ्ता व्यापार कराराच्या जागी १ जुलै २०२० पासून कुस्मा करार आला. त्यात ठरावीक व्यवसायांची यादी आहे आणि इंजिनिअर त्या यादीत आहे. कॅनडातल्या कंपनीने ऑफर दिली की "इथे स्थानिक माणूस मिळाला नाही" हे कंपनीला सिद्ध करावं लागत नाही. ती कॅनडा सरकारच्या पोर्टलवर ऑफर नोंदवते, २३० डॉलर भरते, आणि तुम्ही ऑफर लेटर, पदवी आणि पासपोर्ट घेऊन थेट पुलावर अर्ज करता. शुल्क १५५ कॅनेडियन डॉलर. परवाना तीन वर्षांपर्यंत मिळतो आणि पुढे वाढवता येतो. हा लाभ फक्त नागरिकाला आहे, ग्रीन कार्डवाल्याला नाही. तुम्ही गाड्यांच्या धंद्यातले आहात आणि विंडसर तर गाड्यांचंच शहर, तेव्हा शोध तिथूनच सुरू करा. पण रेंगाळू नका. कराराच्या सहाव्या वर्षी, म्हणजे २०२६ च्या जुलैत, तिन्ही देशांनी त्याचा आढावा घ्यायचं करारातच लिहिलेलं आहे.

नोकरी मिळाली की विंडसर ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओच्या नॉमिनेशनचं, म्हणजे प्रांताने पीआरसाठी तुमचं नाव सुचवण्याचं, दारही उघडू शकतं. मालकाने त्यात साथ दिली आणि एक्सप्रेस एंट्रीशी जोडलेलं नॉमिनेशन मिळालं तर सीआरएसमध्ये ६०० गुणांची भर पडते आणि बाकी हिशोब मागे पडतो. म्हणून मुलाखतीतच विचारा, कंपनीने याआधी कोणासाठी हे केलंय का.

आता बायकोचं. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल दोनच वाक्यं आहेत, पण या बेतात सगळ्यात जास्त गमावण्यासारखं तिच्याकडे आहे.

ग्रीन कार्ड हे अमेरिकेत राहणाऱ्याचं कार्ड आहे. ऑगस्टमध्ये घर विकून सगळे विंडसरला गेलात तर तुमचं नागरिकत्व कुठे जात नाही, मुलीचंही नाही. पण बायकोने अमेरिकेतलं घर सोडलं असा अर्थ निघतो आणि तिचं कार्ड धोक्यात येतं. ते गेलं की ती भारतीय पासपोर्टवर उरते. मग डेट्रॉइटच्या मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला यायलाही व्हिसा. नवरा आणि मुलगी एका रांगेतून पुलावरून निघून जातील आणि ती व्हिसाच्या मुलाखतीची तारीख शोधत बसेल. असं झालेलं कुटुंब मी पाहिलंय, आणि तिथे पुढची तीन वर्षं घरात दुसरा विषय नव्हता.

तुमच्या बाबतीत हे टळण्यासारखं आहे. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्या आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या व्यक्तीला ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जोडीदारही ती तीन वर्षं नागरिक असावा लागतो. तुम्ही जानेवारी २०२२ पासून आहात, तिचं कार्ड नोव्हेंबर २०२३ चं. म्हणजे नोव्हेंबर २०२६ मध्ये तिची तीन वर्षं भरतात, आणि अर्ज त्याच्या ९० दिवस आधी, ऑगस्टमध्ये टाकता येतो. ज्या महिन्यात तुम्ही ट्रक बोलवायचं म्हणत होतात, बरोबर त्याच महिन्यात. आणि अर्ज टाकून निघून जायचं असंही नाही, शपथ होईपर्यंत तिचं घर अमेरिकेतच असायला हवं. शपथेनंतर भारतीय पासपोर्ट जमा करणं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं कार्ड) काढणं हे तुम्ही स्वतः केलंय, त्यातलं तुम्हाला ठाऊक आहे.

हे दोन्ही धागे एकत्र ठेवून बघा. तुम्ही विंडसरला नोकरी धरा आणि राहा मिशिगनमध्येच. नर्स इकडे येतात तसे तुम्ही तिकडे जा. परवान्यावर, कॅनडाच्या भूमीवर केलेलं काम वर्षभराने अनुभव म्हणून मांडता येतं. पूर्णवेळ कामाचे १,५६० तास म्हणजे एक वर्ष. पगाराच्या पावत्या आणि टी-फोर (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा कराचा कागद) जपून ठेवा, पुलावरून ये-जा केल्याच्या तारखांची वही ठेवा. बायको-मुलगी आपल्या घरी, मुलीची शाळा तीच, बायकोच्या शपथेला धक्का नाही. आणि ज्या कारणासाठी हे सगळं चाललंय ते, आईचं. कामावरून सुटल्यावर बोगद्याकडे वळायच्या आधी तुम्ही रोज तासभर तिच्याजवळ बसू शकता. भावाच्या शिफ्टच्या वेळा बघून स्वतःच्या वेळा मागून घ्या. पीआर मिळायला दीड वर्ष लागो की तीन, आईला तेवढं थांबवायची गरज नाही.

मला हा बेत मनापासून पटतो. त्यात कोणाचंच कार्ड पणाला लागत नाही.

परीक्षेबद्दल मात्र एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. "मी पंधरा वर्षं इंग्रजीत काम करतोय, मला कसली परीक्षा" हे डोक्यातून काढा. मी टोलेडोत अकरा वर्षं इंग्रजीत नोकरी करून आयईएलटीएसला बसले होते. लेखनाचा पहिला प्रश्न पत्राचा असतो, किमान १५० शब्दांचं पत्र. मी ऑफिसात ईमेल लिहायचे तसं लिहिलं, मुद्द्याचं आणि आटोपशीर, आणि वेळ उरला म्हणून पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. लेखनात ६ आले. कानांनी ऐकलेलं, डोळ्यांनी वाचलेलं सगळं उत्तम, आणि त्या एका कागदापायी पुन्हा पैसे, पुन्हा तारीख, दोन महिने वाया. गुणांची मोठी उडी ज्या पातळीवर लागते, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर सीएलबी ९, तिच्यासाठी ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलण्यात प्रत्येकी ७ लागतात. चारातलं एक जरी खाली राहिलं तर ती उडी हुकते. शब्द मोजून पत्रं लिहायचा सराव करा, घड्याळ लावून. बायकोलाही बसवा, तिच्या इंग्रजीचे २० गुणांपर्यंत मिळतात.

कोणीतरी तुम्हाला एक युक्ती सांगेल, ती आधीच सांगून ठेवते. "बायकोला अर्जात सोबत येणार नाही असं दाखव, एकट्याचे गुण जास्त येतात." खरोखर येणार नसेल तर ते लिहिणं योग्य आहे. गुणांसाठी तसं लिहून सहा महिन्यांनी तिला आणलंत तर तीच खोट्या माहितीची कलमं लागतात. आणि बायको किंवा मुलगी अर्जात नोंदवलीच नाही, त्यांची तपासणीच झाली नाही, तर पुढे त्यांना कुटुंब म्हणून स्पॉन्सर करणंही बंद होऊ शकतं. घरात जेवढी माणसं आहेत तेवढी अर्जात लिहायची.

बाकीचं थोडक्यात. पदवी अमेरिकेची असली तरी तिचं मूल्यांकन करून घ्यावंच लागतं. मास्टर्ससाठी भारतातल्या बीईची ट्रान्स्क्रिप्टंही मागितलेली मी पाहिली आहेत, तेव्हा विद्यापीठात कोणाला तरी आत्ताच पाठवा, तिथल्या खिडकीचा वेळ तुमच्या हातात नसतो. आमंत्रण आल्यावर कागदपत्रांसह अर्ज भरायला ६० दिवसच मिळतात. वैद्यकीय तपासणी ऑगस्ट २०२५ पासून अर्जाआधीच करून जोडायची आहे, आणि तीही त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडूनच. शुल्क एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला १,५२५ कॅनेडियन डॉलर होतं, मुलीचं २६०. दर दोन वर्षांनी ते वाढतं, भरताना पुन्हा बघा. पीआर झाल्यावर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. आणि अमेरिकेचा कर तुमच्या मागे कॅनडातही येतो. अमेरिकन नागरिकाने जगात कुठेही कमावलं तरी दरवर्षी रिटर्न भरायचं असतं, आणि परदेशातल्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर गेलं तर ती खाती वेगळी कळवायची असतात. विंडसरच्या बँकेतली मुलगी प्रेमाने टीएफएसए नावाचं बचत खातं उघडून देईल, ते उघडू नका. कॅनडात ते करमुक्त आहे, अमेरिकेच्या लेखी नाही. दोन्ही देशांचे कर जाणणारा माणूस पहिल्या पगाराआधी गाठा.

आता ताजा कलम.

हो, लिहावं लागेल. अर्जात दोषी ठरल्याबद्दलच नाही, कुठल्याही देशात कुठलीही फौजदारी कारवाई झाली का, हे विचारतात. तुम्ही अमेरिकेत राहता म्हणून एफबीआयचा दाखला लागणार आहे, बोटांचे ठसे देऊन. त्यात २०११ असेल. मिशिगनमध्ये २०२२ पासून पहिल्या अशा गुन्ह्याचा डाग कोर्टातून पुसून घेता येतो. पण पुसला तरी "काही कारवाई झाली होती का" या प्रश्नाचं उत्तर "नाही" होत नाही.

पुलावर शंभरदा कोणी विचारलं नाही, याचा अर्थ त्यांना चालतं असा नाही. त्या दोन मिनिटांत त्यांनी पाहिलं नाही, एवढाच. मिशिगनमध्ये ज्याला आपण ट्रॅफिकची केस म्हणून सोडून देतो त्याकडे कॅनडाचा कायदा गुन्हा म्हणून बघतो. तिथे १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा १० वर्षं झाली, आणि तेव्हापासून तो गंभीर गुन्ह्यांत धरला जातो. तुमचं प्रकरण त्याआधीचं आहे, एकच आहे, आणि प्रोबेशन संपून १० वर्षांहून जास्त काळ गेलाय. अशा माणसाला काळ लोटल्यामुळे कायद्याने सुधारलेला मानण्याची तरतूद आहे. म्हणून मला आशा आहे, बरीच. पण तुम्ही तिच्यात बसता की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. हे कॅनडाच्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या. वकील नसेल तर सल्लागार परवानाधारक आहे का हे कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या नोंदीत बघा. मंडळाच्या गणपतीत भेटलेला "मी सगळ्यांचं करून देतो" वाला नको.

आणि हे पीआरच्या वेळेचं काम नाही, आत्ताचं आहे. कुस्माच्या परवान्यासाठी तुम्ही पुलावर आत जाऊन बसाल, तेव्हा अधिकारी पहिल्यांदा तुमचं नाव नीट तपासेल. त्या दिवशी तुमच्या फायलीत कोर्टाचा निकाल, दंडाची पावती, प्रोबेशन संपल्याचा कागद आणि वकिलाचं पत्र असायला हवं. विचारायच्या आधी तुम्हीच काढून समोर ठेवा.

राहिली बायको. तिला सांगितलं नाहीत याबद्दल मी रागावणार नाही. पंचविशीच्या आतबाहेरचं वय, परका देश, एक मूर्ख रात्र, आणि त्यानंतर पंधरा वर्षं ती गोष्ट तुम्ही एकट्याने वागवली. लग्न ठरताना सांगायचं राहिलं आणि मग दर वर्षी सांगणं अजून अवघड होत गेलं असेल. पण आता ती तुमच्या अर्जात सहअर्जदार असेल. तिची माहिती, तुमची माहिती एकाच फायलीत जाईल. तुमच्यामुळे काही अडलं तर तिचंही अडेल, मुलीचंही. जिने तुमच्या भरवशावर ग्रीन कार्डाचं गाव सोडायची तयारी दाखवली, तिला हे एखाद्या फॉर्मच्या चौथ्या पानावर कळू नये.

मुलगी झोपल्यावर सांगा, आणि सगळं सांगा. किती प्यायला होतात, गाडीत अजून कोण होतं, त्या रात्री कुठे ठेवलं होतं, घरी कोणाला कळलं होतं. तिने विचारलं, "मग एवढी वर्षं का नाही सांगितलंस?" तर "तुला वाईट वाटेल म्हणून" असं म्हणू नका, भीती वाटत होती असं म्हणा, कारण मला वाटतं तेच खरं असेल. ती एक-दोन दिवस बोलणार नाही कदाचित. तिला तेवढा वेळ द्या, समजावत बसू नका. मग एखाद्या सकाळी सुट्टी टाकून ज्या कोर्टात केस चालली होती तिथल्या क्लार्कच्या खिडकीवर जा आणि निकालाची शिक्क्याची प्रत मागा. जमलं तर तिला सोबत घेऊन जा.

तुमची,
ताई